फाटकाबाहेरचं बाळ

सन दोन हजार वीस. सगळ्या जगाला एकदम ताप आला, ते साल. मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. कुंड्यांना पाणी घालायचं आणि यांच्याशी वाद घालायचा, एवढाच उद्योग उरला होता. तेवढ्यात आमच्या सरकारी रुग्णालयातून फोन आला. निम्म्या सिस्टर आजारी आहेत, उरलेल्या उभ्या उभ्या झोपतायत, मेट्रनबाई, परत या. मी गेले. बोलावणाऱ्यांचा मला काडीचा पुळका नव्हता. पण त्या इमारतीत बाळंतिणींचा वॉर्ड होता, आणि माझं उभं आयुष्य तिथे गेलं होतं.

तो वॉर्ड तळमजल्यावर, बागेच्या अंगाला. उंच खिडक्या, पांढऱ्या लोखंडी खाटा आणि उकळलेल्या चादरींचा वास. मी कोवळ्या वयात नोकरीला लागले तेव्हा तिथे बडे डॉक्टर मुख्य होते. त्यांना केबिन होती, पण तिच्यात ते कधी बसले नाहीत. तिथे आम्ही सायकली ठेवायचो. वरच्या कचेरीतून कोणी तपासायला आलं की ते म्हणत, "या साहेब. आधी केसपेपर काढा आणि बाकावर बसा. नंबर आला की बोलू." साहेब बिचारे खोकणाऱ्यांच्या मध्ये तासभर बसत. नंबर येईपर्यंत त्यांचे निम्मे प्रश्न गळून गेलेले असत आणि उरलेल्यांची उत्तरं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असत. बडे डॉक्टर गेले. मग बाकही गेला. त्याच्या जागी काचेचं कपाट आलं, आत सन्मानचिन्हं.

ती सन्मानचिन्हं फीतकाप्यांची. आमच्या नंतरच्या अधीक्षकांचं हे बारसं लाँड्रीतल्या बायकांनी केलं होतं, आणि चपखल केलं होतं. पाण्याचा कूलर बसला, काप फीत. भिंतीला रंग दिला, काप फीत. एकच लिफ्ट दुरुस्त झाली म्हणून त्यांनी तिचं दोनदा उद्घाटन केलं, आणि दुसऱ्या वेळी आत अडकून बसले. तापाचा वॉर्ड सुरू झाला तेव्हाही फीत होतीच. टाळ्या वाजवायला दुसरं कोणी जवळ येईना, म्हणून पेशंटांना वाजवायला लावल्या. एकाला टाळ्या वाजवून इतकी धाप लागली की त्याला लगेच आत घेतलं. पहिला मान त्याचा.

असं सगळं चाललेलं असताना वरच्या कचेरीला साक्षात्कार झाला, की महामारीत रुग्णालयांची आर्थिक प्रकृती तपासली पाहिजे. इथे माणसांना प्राणवायू पुरत नव्हता आणि त्यांना इमारतीची नाडी बघायची होती. आमचे हे म्हणाले, "चांगलंय. पेशंटला बघायला डॉक्टर नाही, दवाखान्याला बघायला साहेब आहे."

साहेब आले. तिशीचा, काडीसारखा सरळ, चकाकता माणूस. तोंडावर मास्क, त्यावर चष्मा, त्यावर काचेचा पडदा. लाँड्रीतल्या बायकांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, थर्मामीटर. दुसऱ्याचा ताप मोजायचा आणि स्वतः थंडगार राहायचं. त्याने औषधांच्या खिडकीमागची काचेची खोली मागून घेतली, तिथे लॅपटॉप मांडला आणि सगळ्यांशी त्या काचेच्या गोल भोकातून बोलायला लागला. पेनसुद्धा फवारून घ्यायचा. वॉर्डात पाऊल टाकणार नाही, दारातून बघेन, म्हणाला. बड्या डॉक्टरांनी त्याला बाकावर बसवलं असतं, खोकणाऱ्यांच्या बरोबर मध्ये.

आमच्या रुग्णालयाच्या हिशेब खात्याचे मुख्य म्हणजे माझे धाकटे दीर. हुशार माणूस, पण पाठीचा कणा आईने बहुधा थोरल्यालाच दिला. एका संध्याकाळी आमच्या अंगणात लांब खुर्ची टाकून बसले आणि चहा पिता पिता त्यांनी मला प्रकरण समजावलं.

"वहिनी, तीन रंग आहेत. हिरवा मिळाला तर शाबासकी, पण पैसे नाहीत. धडधाकट माणसाला कोण औषध देतं? लाल मिळाला तर टाळं. जे वाचणारच नाही त्यावर खर्च कशाला? आपल्याला पिवळा पाहिजे. पिवळ्याला दोन वर्षं मदत मिळते."

"म्हणजे आजारी तर दिसायचं, पण मरायला टेकलेलं दिसायचं नाही."

"अगदी बरोबर."

"शाळा बुडवणाऱ्या पोरांना जमतं हे. तुम्हाला जमेल?"

भाऊजी हसले नाहीत. हसायलाही त्यांना वरून मंजुरी लागते.

"आणि माझा वॉर्ड?" मी विचारलं.

त्यांनी कपात बघितलं. "वॉर्डांना वेगळे रंग आहेत. तुमचा लालच्या काठावर आहे. बाळंतपणं फुकट. खर्च सगळा, जमा काही नाही. त्यांचं सूत्र असं आहे, की वॉर्डाचा खर्च भागिले तिथे जन्मलेली बाळं. म्हणजे एका बाळामागे किती पडले. आकडा आवाक्यात राहिला तर वॉर्ड वाचला. नाहीतर बंद, आणि बायकांनी जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात जायचं."

"तिथे पोचेपर्यंत पोर चालायला लागेल. किती दिवस बघणार आहेत?"

"साल धड नाही म्हणून सालाचे आकडे धरणार नाहीत. नमुन्यादाखल दोन दिवस बघणार."

शितावरून भाताची परीक्षा मी ऐकली होती. शिजायच्या आधी शीत उचलणारे पहिल्यांदाच पाहिले. पण मला धीर आला. आमच्या वॉर्डात दोन दिवसांत तीन-चार बाळं होतातच. महामारी असो नाहीतर महापूर, पोटातलं पोर कोणाच्या परिपत्रकासाठी थांबत नाही. खासगी दवाखाने तर त्या दिवसांत तपासणीचा कागद नसेल तर दार उघडत नव्हते, त्यामुळे सगळ्या बायका आमच्याकडेच येत होत्या. चार बाळं झाली की वॉर्ड वाचला. मला इतकंच कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

फीतकाप्यांना मात्र पिवळा रंग पसंत नव्हता. त्यांनी सगळ्यांना सभागृहात लांब लांब बसवलं.

"पिवळा? माझ्या कारकिर्दीत पिवळा?" ते असे ओरडले जणू त्यांनाच कावीळ झाली होती. "रिकामी खाट म्हणजे अधीक्षकाचं अपयश. साहेब बघतील तेव्हा एकही खाट रिकामी दिसता कामा नये."

मी उभी राहिले. "साहेब, बाळंतिणींच्या वॉर्डात खाटा रिकाम्या ठेवाव्याच लागतात. येणारी बाई आधी कळवून येत नाही."

"मेट्रनबाई, तुमचा अनुभव फार जुना आहे," ते गोड आवाजात म्हणाले. "तुम्ही तापाचा वॉर्ड सांभाळा."

मी तापाचा वॉर्ड सांभाळला. तो प्लास्टिकचा अंगरखा एकदा चढवला की माणूस बाहेरच्या जगाला मेला. आत घामाच्या धारा, चष्म्यावर वाफ, आणि बाहेर कोण काय करतंय याचा पत्ता नाही. त्यामुळे पुढचं मला उशिरा कळलं, पण ते इथेच सांगून टाकते.

मोठा पाहुणा आला की रिकाम्या खाटांवर माणसं झोपवायची, ही फीतकाप्यांच्या काळातली आमच्या रुग्णालयाची जुनी खोड. माळी, स्टोअरकीपर, टपाल नेणारा, सगळ्यांनी आपापल्या खाटा ठरवून घेतल्या होत्या. माळ्याला तर नेहमी पायाला प्लास्टर मिळायचं, आणि पाहुणा गेल्यावर तो ते प्लास्टर जपून कपाटात ठेवायचा. पण त्या साली ताप होता. पुरुषांच्या वॉर्डात झोपायला कोणी तयार होईना, कारण खरोखरच झोपावं लागेल अशी भीती. सगळ्या इमारतीत निर्धास्त झोपावं असा वॉर्ड एकच, बाळंतिणींचा. मग कचेरीतल्या बायका, कारकुनांच्या बायका, त्यांच्या मावश्या, आत्या, ज्या मिळतील त्या गोळा केल्या. पोटावर उशी, वर चादर, तोंडावर मास्क. त्या मास्कच्या कृपेने साठीची बाईसुद्धा दारातून पंचविशीची दिसायची.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगरखा उतरवून हात धूत होते तेव्हा फाटकावरचा रखवालदार धावत आला.

"मोठ्या बाई, बाहेर गाडीत एक बाई ओरडतेय."

"मग आत घे की."

"खाट नाही असं सांगायचा हुकूम आहे. कालपासून चार जणींना परत पाठवलं."

"चार? अरे, परवाच होत्या तेवढ्या बाळंतिणी घरी गेल्या, वॉर्ड रिकामा होता!"

"आता फुल्ल आहे. मी डोकावून पाहिलं. सगळ्या गाढ झोपल्यात."

मी हात पुसायची थांबले. इतक्या वर्षांत त्या वॉर्डात सगळ्या एकदम गाढ झोपल्यात असं कधी झालं नव्हतं. तिथे एक कण्हत असते, दुसरी नवऱ्याला शिव्या देत असते, तिसरीचं पोर टाहो फोडत असतं. पण विचार करायला वेळ नव्हता. मी बाळंतपणाचा ट्रे मागवला आणि धावले. या वयात जितकं धावता येतं तितकं.

गाडी फाटकाबाहेर भिंतीला लागून उभी होती. परवान्याशिवाय गाडी आत सोडायची नाही असाही एक हुकूम होता. गाडीवाला लांब झाडाखाली उभा राहून फोनवर कोणाला तरी आपलं दुर्दैव सांगत होता. मागच्या सीटवर एक पोरसवदा बाई, शेजारी तिची आई, घामाने निथळलेली.

"बाई, जिल्ह्याला जा म्हणाले हो. ही पोचायची नाही तिथवर."

"कुठे जायचं नाही. तिचं डोकं मांडीवर घ्या आणि तुम्ही रडू नका. रडायचं काम दुसऱ्या कोणाचं तरी आहे, तो येतोच आहे."

तो नव्हता, ती होती. डोकं दिसतच होतं. स्ट्रेचर आणेपर्यंत थांबायला ती काही सरकारी नोकर नव्हती. आली, निळी पडली, मी पाठ चोळली, आणि मग तिने असा काही सूर लावला की रखवालदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीवाला झाडाखालून विचारतो, "सीट कोण धुणार?"

मी म्हटलं, "ये इकडे, तुलाच धुते."

ट्रॉलीवर मायलेकींना घालून आम्ही वॉर्डात आलो. खरंच फुल्ल होता. ओळीने चादरी, ओळीने फुगलेली पोटं, चिडीचूप. कोणाच्या उशाशी पाण्याचा तांब्या नाही, खाटेखाली चपला नाहीत, नातेवाईक नाहीत. बाळ रडलं तशी एका चादरीखालून घोरणं थांबलं. ते घोरणं माझ्या ओळखीचं होतं. एकत्र कुटुंबात दहा वर्षं मी ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं. मी चादर ओढली.

माझी धाकटी जाऊ. दोन नातवंडांची आजी.

"जाऊबाई," मी म्हटलं, "कितवा महिना?"

तिने पोटावरची उशी छातीशी धरली. "ताई, ओरडू नका हो. यांनी सांगितलं म्हणून आले."

"भाऊजींनी?"

"अधीक्षकसाहेबांचा हुकूम होता ना. आणि खरं सांगू? दोन दिवस नुसतं झोपायचं होतं, हातात आयतं ताट. घरी कोण झोपू देतं मला?"

शेजारच्या चादरीखालून आवाज आला, "मलासुद्धा नाही हो झोपू देत."

राग आला तरी कोणावर काढायचा? मी त्यांना एवढंच म्हटलं, "उठा. ज्यांची पोटं उशीची आहेत त्या सगळ्या उठा. उशा तेवढ्या इथेच ठेवा, त्या सरकारी आहेत." एकेक गरोदर बाई टुणकन उडी मारून उतरली आणि चपला शोधायला लागली. इतकं सुखरूप बाळंतपण मी त्या वॉर्डात पाहिलं नव्हतं. बाईला स्वच्छ खाट दिली, सिस्टरला तिच्यापाशी बसवलं, आणि बाळाला गुंडाळून मी तशीच काचेच्या खोलीकडे गेले.

तिथे भाऊजी कागद लावत उभे होते. फीतकापे नवा कोट घालून आले होते. थर्मामीटर आवराआवर करत होता.

"साहेब, हे बाळ लिहा," मी भोकातून म्हटलं.

त्याने बाळाकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं. "ठिकाण?"

"फाटकाशी."

"आत की बाहेर?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण फाटकावर कॅमेरा होता, आणि त्याचंही उद्घाटन झालं होतं. "बाहेर. कारण आत येऊ दिलं नाही."

"मग मॅडम, आवाराबाहेरचा जन्म या संस्थेच्या खात्यात धरता येत नाही. मला वाईट वाटतं." त्याला वाईट वाटलं नव्हतं. तेवढं वाटायला सुद्धा माणूस थोडा कोमट लागतो.

फीतकापे पुढे सरसावले. "अहो, एका बाळाचं काय एवढं? साहेब, वॉर्ड बघितलात ना? शंभर टक्के भरलेला!"

"बघितला," थर्मामीटर म्हणाला. "दोन्ही दिवस शंभर टक्के भरलेला. चादरी, जेवण, सिस्टर, सगळा खर्च पूर्ण. आणि जन्म शून्य. शून्याने भागाकार होत नाही. कॉम्प्युटर तो वॉर्ड सरळ लाल दाखवतो."

फीतकाप्यांनी नव्या कोटाची बटणं सोडली आणि परत लावली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. ज्या खाटा रिकाम्या राहिल्या असत्या तर चार-पाच बाळं त्यांवर जन्मली असती, त्याच खाटा यांनी उशांनी भरल्या. खोट्या बाळंतिणींनी खऱ्या बाळंतिणींना फाटकाबाहेर काढलं.

"त्या बायका खोट्या होत्या," मी म्हटलं. "तेवढं तरी लिहा. बाळं झाली नाहीत, कारण बाळंतिणीच नव्हत्या."

"मॅडम, तुमच्या सांगण्यावरून त्या वजा केल्या तर वॉर्ड रिकामा ठरतो. रिकाम्या वॉर्डाला वेगळा नियम आहे."

"कोणता?"

"बंद."

मी भाऊजींकडे वळले. "तुम्हाला सूत्र ठाऊक होतं. भरलेल्या खाटा आणि बाळं नाहीत म्हणजे काय होणार, हे तुम्हाला कालच कळलं असणार."

भाऊजी कागदांच्या कडा जुळवत राहिले. "वहिनी, मी अधीक्षकांना सांगायला गेलो होतो. पण ते फोनवर होते."

"दोन दिवस?"

"मला वाटलं, एखादं तरी होईल."

"झालं की!" मी बाळ त्यांच्या नाकाशी धरलं. "हे काय झालंय?"

त्यांनी मास्क वर ओढला. काचेच्या आतला, काचेच्या बाहेरचे, तिघांपैकी एकानेही त्या पोरीला बोट लावलं नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आमची सासू म्हणायची. तिला काय माहीत, तिचा धाकटा मुलगा बायकोला पोटाचं सोंग आणायला लावून पैशाचं काम बिघडवेल.

वर्ष संपायच्या आत वॉर्ड बंद झाला. तो बंद केल्यामुळे रुग्णालयाचा खर्च उतरला आणि तपासणीत लाल ठरलेलं सगळं रुग्णालय मिळून पिवळं झालं. मदत आली. त्या मदतीतून काय केलं? फाटकावर कमान बांधली. जिथे ती गाडी उभी होती बरोबर तिथे कमानीचा डावा खांब आहे. आता ती जागा आवारात आली.

फीतकाप्यांना 'आर्थिक शिस्ती'बद्दल सन्मानचिन्ह मिळालं आणि बढतीही. पुढे निवृत्त झाले. हल्ली ते वसाहतीतल्या वाढदिवसांना जातात आणि लहान मुलांच्या आधी केकला सुरी लावतात असं ऐकते. थर्मामीटर मोठा साहेब झाला होता. मग त्याच्याच कचेरीची तपासणी झाली, माणसं जास्त आणि काम मोजता येत नाही असं निघालं, आणि ती दुसऱ्या कचेरीत विलीन केली. तो कोणत्या काचेमागे बसतो मला ठाऊक नाही, जाणून घ्यायचंही नाही.

भाऊजींनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. आमच्याकडे येतात, चहा पितात, कपात बघतात. त्यांच्या धाकट्या सुनेचं बाळंतपण जिल्ह्याला करावं लागलं. वाटेत गाडी बंद पडली होती, पण पोचले कसेबसे. त्या दिवशी भाऊजींनी मला फोन केला आणि नुसतेच गप्प राहिले. मीही गप्प राहिले. त्यांना सोपं का करून द्यायचं? जाऊबाईंना मी अजून विचारते, "कितवा महिना?" ती हसते, तिचा माझ्यावर राग नाही आणि माझाही तिच्यावर नाही. त्या दोन दिवसांनंतर तिला पुन्हा झोप मिळालेली नाही. रखवालदाराला हुकूम मोडून मला बोलावलं म्हणून नोकरीतून काढलं. आता तो एका खासगी दवाखान्याच्या फाटकावर आहे आणि तिथेही बायकांना परत पाठवतो. पोटाचा प्रश्न आहे, म्हणतो.

माझा वॉर्ड आता सामानाची खोली आहे. सन्मानचिन्हांचं कपाट भरलं, म्हणून उरलेली तिथल्या पांढऱ्या खाटांवर ओळीने मांडून ठेवलीत. सगळ्या खाटा भरलेल्या असतात.

आणि ती पोरगी शाळेत जाते. तिची आई मला बाजारात भेटते, जोरात हाक मारते, पोरीला पाया पडायला लावते. मागे एकदा पोरीने मला विचारलं, "आजी, मी कुठे जन्मले?"

"त्या कमानीच्या डाव्या खांबापाशी," मी म्हटलं.

तिला ते फार आवडलं. आता शाळेत जाता-येता त्या खांबाला लाथ मारते. मी तिला अडवत नाही.